आवाज होता, धूळ नव्हती

मी कराडला आईच्या बिल्डिंगमध्ये शिरलो तेव्हा वर कुठंतरी ड्रिल चालू होतं.

"आलात का दिगंबरराव," शेडबाळेकाकू म्हणाल्या. तळमजल्यावरच्या आपल्या दारात खुर्ची टाकून दिवसभर जिन्याकडं बघत बसणं हाच त्यांचा उद्योग. "मुळीक आलेत तुमच्या आईकडं. आज स्वयंपाकघरातलं कपाट आहे म्हणे."

"म्हणे?"

"आवाज येतोय की. काम चाललंय." एवढं बोलून त्यांनी सोलायच्या लसणीचं सूप मांडीवर ओढलं.

दोन जिने चढून गेलो. दार सताड उघडं, खाली विटेचा तुकडा लावलेला. आणि हॉलच्या मधोमध मुळीककाका हातात ते जुनं, वायरचं, दोन किलोचं धूड धरून उभे. ड्रिल चालू होतं, पण त्याचं टोक भिंतीकडं नव्हतं, हवेत होतं. तोंड स्वयंपाकघराकडं करून ते काहीतरी ऐकत होते आणि हसत होते. मी दिसल्याबरोबर हात खटक्यावर गेला आणि आवाज थांबला.

"या, या. बिट वाकडं फिरतंय का बघत होतो," ते म्हणाले.

मी फरशीकडं बघितलं. पांढरी फरशी, आणि तिच्यावर धुळीचा एक कण नाही. तेवढ्यात आई दोन कप चहा घेऊन बाहेर आली आणि मला बघून जागच्या जागी थांबली.

"अरे, फोन नाही केलास?"

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एसटीत तिकीट तपासनीस होतो, सांगली विभागात. अख्खी नोकरी मी दुसऱ्याचं खोटं पकडण्यात घालवली. घाटातल्या वळणावर गाडी थांबवून आत चढलो की कोण खिडकीबाहेर बघतोय, कोण झोपेचं सोंग घेतोय, हे मला तिकीट मागायच्या आधी कळायचं. ती सवय घरी आल्यावर खुंटीला टांगता येत नाही. माझी बायको सुलू म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी पुजाऱ्याचा खिसा बघाल. बघायचोच मी.

आणि इथं तर माझ्या आईचा प्रश्न होता. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली. आई अडुसष्टची, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी. मी सहा वर्षं मागं लागलो होतो, हे विकून टाकू, सांगलीला आमच्याकडं चल. ती दरवेळी म्हणायची, बघू पावसाळ्यानंतर. किती पावसाळे गेले. आमच्या डेपोतल्या एका कंडक्टरच्या आत्याला शेजारच्या माणसानं असंच गोड बोलून, दळण आणून दे, औषधं आणून दे असं करून शेवटी राहतं घर स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं. ती म्हातारी आता भाच्याच्या दारात होती. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

मुळीककाका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. साखर कारखान्यात फिटर होते, रिटायर झालेले. बायको जाऊन दहा-अकरा वर्षं, मुलगी नांदेडला. माणूस नाकासमोर चालणारा, असं सगळे म्हणायचे. मला असल्या माणसांचीच जास्त धास्ती. तर या तीन महिन्यांत आईच्या घरात काय काय निखळलं ते मी फोनवर ऐकत होतो. आधी पडद्याची दांडी. मग साबणदाणी. मग किल्ल्यांची फळी, देवघराची कडी, टॉवेलची दांडी, परत पडद्याची दांडी. अकरा वेळा. बाबांनी घर घेतल्यापासून चौदा वर्षं ज्या घरातला खिळा हलला नव्हता, तिथं तीन महिन्यांत अकरा वेळा. आणि दरवेळी आईच्या तोंडी एकच, "मुळीकांनी बसवून दिलं."

त्यातच महिन्यापूर्वी तिनं फोनवर विचारलं, "दिगू, हा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे ना रे?"

कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला त्याच दिवशी कळलं. म्हणूनच मी न सांगता आलो होतो.

मुळीककाकांनी चहा उभ्या उभ्या संपवला, वायर गुंडाळली. "कपाटाची बिजागरी बसवलीय वहिनी. येतो," म्हणाले आणि गेले. मी लगेच कपाट बघितलं. स्क्रू होते, पण कसे, तर बोटाच्या नखानंसुद्धा फिरावेत असे. मी जिन्यातच त्यांना गाठलं.

"काका, हे इतकं सैल का ठेवलंय?"

"सैल नाही. हातानं उघडेल एवढंच आवळलंय," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "वहिनींना साफसफाईला दार काढावं लागतं."

"कपाटाचं दार काढून कोण साफ करतं?"

"ज्याला स्वच्छता लागते तो करतो की," असं म्हणून ते वर निघून गेले.

मग मी सगळं घर तपासलं. किल्ल्यांच्या फळीचा एक स्क्रू काढून बघितला. भिंतीतली, स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची गिट्टी घट्ट बसलेली, स्क्रूचे आटे नव्यासारखे. ओझ्यानं निखळलेला स्क्रू असा नसतो. तो गिट्टी ओढून घेऊन येतो, भोक मोठं करतो, भिंतीचा पापुद्रा काढतो. इथं कुणीतरी स्क्रू शिस्तीत, फिरवून फिरवून बाहेर काढला होता. म्हणजे हा गृहस्थ मुद्दाम कच्चं काम करतो, जाता जाता स्क्रू ढिले करून जातो, आणि चार दिवसांनी परत येतो. येण्याला कारण हवं म्हणून. आणि यायचं कशासाठी, तर फ्लॅटच्या कागदांसाठी. माझी तर खात्रीच पटली.

"आई, हा माणूस इथं बसून करतो काय?"

"काम करतो," आई म्हणाली. "दिसत नाही का तुला?"

"धूळ कुठंय कामाची?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "मी पुसली."

चहाचा ट्रे हातात धरून कुणी धूळ पुसतं का? संशयिताला सगळं एकदम सांगायचं नसतं.

संध्याकाळी बाजारात गेलो. म्हटलं, भांडण नको, आरडाओरडा नको. कारणच काढून टाकायचं. घरातली सगळी कामं मी स्वतः पक्की करणार, म्हणजे त्या माणसाला उंबरा ओलांडायला निमित्तच राहणार नाही. हार्डवेअरच्या दुकानात पारख नावाचा पोरगेला मालक होता. त्यानं माझ्यासमोर एक चिमुकलं ड्रिल ठेवलं. वायर नाही, मुठीत मावणारं, किलोभराचंही नाही.

"हे खेळणं आहे," मी म्हणालो. "मोठं का नाही दाखवत?"

"काय काय करायचंय साहेब?"

"दांड्या, फळ्या, कपाटाच्या बिजागऱ्या."

"मग हेच. बारा व्होल्ट. मोठं घेऊन स्टुलावर चढलात की हात भरून येणार, भोक वाकडं जाणार. विटेच्या भिंतीला हे पुरतं. फक्त बीममध्ये घालायला जाऊ नका."

"आणि चार दिवसांनी बॅटरी गेली की?"

"म्हणून दोन बॅटऱ्यांचं घ्या. एक चार्जिंगला, एक हातात."

मला वाटलं, आता आला मुद्द्यावर, जादा बॅटरी गळ्यात मारतोय. मी शेजारच्या दोन दुकानांत विचारून आलो. त्यांनीही तेच सांगितलं. तिघं मिळालेले असतील असंही वाटून गेलं, पण नाइलाज होता. परत येऊन तेच घेतलं. पारखनं मागं न लागता समजावलं. पुढच्या कड्यावर आकडे आहेत, ते स्क्रू आवळायचे. कमी आकडा लावला की स्क्रू बसला की मशीन आपोआप कट्कट् करून थांबतं. ड्रिलचं चिन्ह भोकासाठी, हातोडीचं भिंतीसाठी. टाइलवर आधी चिकटपट्टी लावायची, हातोडी बंद, हळू सुरुवात.

"स्क्रूला चारपासून सुरू करा," तो म्हणाला. "चुकूनही ड्रिलच्या चिन्हावर ठेवून स्क्रू मारू नका. सगळी ताकद लागते, स्क्रूची खाच गुळगुळीत होते. मग तो जन्मात निघत नाही."

जन्मात निघत नाही. मला तर तेच हवं होतं.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात केली. मला कामाची सवय नव्हती, पण मशीन खरंच हातात बसलं. पहिलं भोक वाकडं गेलं, दुसरं सरळ. बाथरूमच्या टाइलला चिकटपट्टी लावली, हळू सुरुवात केली, टाइल तडकली नाही, तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. लांब स्क्रू आणले होते. ड्रिलच्या चिन्हावर कडं ठेवलं आणि एकेक स्क्रू असा हाणला की शेवटी टोक आतल्या आत किर्र करून फिरायचं. खाच गेली की मी पुढच्या स्क्रूकडं. पडद्याची दांडी, फळी, कडी, साबणदाणी, सगळं. आई दारात उभी राहून बघत होती.

"इतकं घट्ट कशाला?" ती म्हणाली.

"परत हलायला नको."

"स्वयंपाकघरातलं राहू दे. ते ठीक आहे."

"ते सगळ्यात आधी सैल होतं," मी म्हणालो आणि कपाटाच्या बिजागरीचे आठच्या आठ स्क्रू मारून टाकले. आत जाऊन तिनं भात लावला.

मशीन लहान, आवाज बेताचा. दुपारी खाली दूध आणायला गेलो तर शेडबाळेकाकू म्हणाल्या, "आज शांत शांत आहे तुमच्याकडं." मी त्यांना मुद्दाम सांगितलं की सगळी कामं मी स्वतः केली, आता कुणाची गरज नाही. निरोप जिथं पोचवायचा तिथं त्या पोचवणार, हे मला माहीत होतं.

चार वाजता मुळीककाका आले. हातात ते जुनं धूड. मी दारातच उभा राहिलो.

"काका, आता काही काम उरलं नाही. सगळं पक्कं केलंय मी. तुम्ही आता त्रास घेऊ नका."

आवाज मी जरा चढाच ठेवला होता, जिन्यातून खाली जाईल असा. खाली खुर्ची करकरली. मुळीककाकांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. आत आई उभी होती.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरानं करावंच." वायर नीट गुंडाळलेलीच होती, तरी त्यांनी ती परत गुंडाळली आणि वर गेले.

आत आईनं चहा आधीच ओतून ठेवला होता. दोन कप. त्यातला एक मी उचलला. बिनसाखरेचा होता. आमच्या घरात कुणी बिनसाखरेचा चहा पीत नाही. मला वाटलं, बघा, या माणसानं किती आतपर्यंत मजल मारलीय. त्या रात्री मी गाढ झोपलो, हेही सांगून टाकतो.

सोमवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर आई स्वयंपाकघरात स्टुलावर उभी. अडुसष्टची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी न चढणारी, स्टुलावर. हातात बाबांचा जुना स्क्रूड्रायव्हर, आणि कपाटाच्या बिजागरीवर ती सगळा जोर लावत होती. स्क्रूड्रायव्हर गुळगुळीत खाचेतून सटकला आणि तिच्या अंगठ्याखाली चांगला ओरखडा पडला. रक्त आलं. तिनं ते पदराला पुसलं आणि परत स्क्रूड्रायव्हर लावला.

"आई."

ती दचकली नाही. हळूहळू खाली उतरली. मी तिच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"तू काढतेस हे स्क्रू?"

तिनं अंगठा पदरात गुंडाळला.

"अकराच्या अकरा वेळा?"

"मोजलेस होय तू," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. "मग कर आता पंचनामा."

"का पण?"

"काम नसलं तर तो येईल कसा?" आई म्हणाली. "आणि मी बोलवू कशी? विधवा बाई दुपारची एकट्या पुरुषाला चहाला बोलावते, हे खाली पोचायला किती वेळ लागतो? दोन जिने. काम असलं तर कुणी बोट दाखवत नाही. दार उघडं ठेवायचं, मशीनचा आवाज आला की सगळ्या बिल्डिंगला कळतं, काम चाललंय. जरा शांत झालं की तो परत थोडं फिरवायचा. तुला त्या दिवशी तेच दिसलं."

"आणि मग तुम्ही करता काय?"

"बोलतो."

"काय बोलता?"

"काहीही. त्याच्या कारखान्याचं. त्याच्या बायकोचं. तुझ्या बाबांचं. भाजी कुठली चांगली मिळाली ते. दिगू, तू फोन करतोस तेव्हा विचारतोस, औषध घेतलंस का, गॅस बंद केलास का, दाराला कडी लावलीस का. बाबा गेल्यापासून मला कुणी दुसरं काही विचारलंच नव्हतं. मला बोलायला माणूस हवं होतं. फार एकटं वाटायचं रे."

माझी आई असं कधी बोलत नसे. काय करावं ते मला कळेना. तरी तोंडातून काय निघालं तर, "आणि फ्लॅट कुणाच्या नावावर आहे ते कशाला विचारलंस?"

"तू विकू विकू म्हणत होतास. माझ्या सहीशिवाय विकता येतो का, ते बघायचं होतं."

मी तिच्या अंगठ्याला हळद लावली.

"त्यांना माहीत आहे? स्क्रू तू काढतेस हे?"

"आम्ही कधी बोललो नाही त्याबद्दल." मग ती जराशी हसली. "पण फिटर आहे तो. चाळीस वर्षं त्यानं स्क्रू बघितलेत."

म्हणजे ते सैल आवळणं तिच्यासाठी होतं. तिच्या हातानं उघडावं एवढंच. आणि मी त्या माणसाला जिन्यात उभा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, हाकलून दिलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

मी तसाच वर गेलो. मुळीककाका पेपर वाचत होते.

"काका, चुकलं माझं," मी म्हणालो. "मला आईनं सगळं सांगितलं. तुम्ही या. कामबिम काही नको, बसायला या. मी सांगतो सगळ्यांना, कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही."

त्यांनी पेपराची घडी घातली. तोंडावरचा सगळा रंग गेला होता.

"सगळं सांगितलं?" ते म्हणाले.

"हो."

"बरं. येतो."

दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावलेलं, हातात काही नाही. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून गुडघ्यांवर ठेवले. मी चहा केला, बिनसाखरेचा, आठवणीनं. आई समोर बसली होती. दोघं आलटून पालटून माझ्याकडं बघत होते.

"ऊन वाढलंय," मुळीककाका म्हणाले.

"हो ना," आई म्हणाली.

मग शेडबाळेकाकू कढीपत्ता मागायला आल्या. दोन जिने चढून, कढीपत्त्याला. मी छाती काढून सांगितलं, "काका सहज आलेत, गप्पा मारायला." काकू म्हणाल्या, "असू दे की, असू दे की," आणि तिघांनाही नीट बघून घेऊन गेल्या. कढीपत्ता न्यायचा राहिला. दहाव्या मिनिटाला मुळीककाका उठले. "येतो वहिनी." तोपर्यंत त्यांनी चहाचे दोन घोट घेतले असतील.

मी आईला म्हणालो, "मी सगळे स्क्रू काढून देतो. पारखकडं खाच गेलेले स्क्रू काढायचंही काहीतरी असेल. पहिल्यासारखं करून देतो."

"आणि मग?" आई म्हणाली. "तुला सांगून दांडी पाडायची, आणि त्याला हाक मारायची? त्यानं तुला ठाऊक असताना यायचं?" ती रागावली नव्हती. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "आम्ही एकमेकांना सांगितलं नव्हतं रे, म्हणून चाललं होतं. तू शोधून काढलंस, तिथंच ते संपलं."

मुळीककाका परत आले नाहीत. जिन्यात भेटले की नमस्कार करून बाजूला व्हायचे, असं आईनं नाही, शेडबाळेकाकूंनी मला सांगितलं.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. औषध घेतलंस का, हे विचारायच्या आत ती म्हणाली, "फ्लॅटचं काय ते बघून टाक. कुठं सही करायची ते सांग. मी येते सांगलीला."

सहा वर्षं मी ज्यासाठी मागं लागलो होतो ते मला फोनवर मिळालं.

आमच्याकडं ती चार वर्षं राहिली. खोली स्वतंत्र, जेवण वेळेवर, सुलूनं काही कमी केलं नाही. आई जेवायची, माळ ओढायची, खिडकीशी बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, आपणहून कधी काही बोलली नाही. सुलूला वाटायचं, आपलंच काही चुकतंय. ती मला अधूनमधून विचारायची, आई पहिल्यापासून अशाच गप्प होत्या का.

मी हो म्हणायचो.